स्कायरिममधली स्प्रिगन: पहिल्या गाठीआधी हे वाचून घ्या

स्कायरिम या व्हिडिओ गेममध्ये, फॉकरीथजवळच्या जंगलात मी हरणामागे चाललो होतो. लेव्हल पाच, हातात लोखंडी तलवार, अंगावर कातडी चिलखत. डावीकडच्या एका खोडातून लाकूड पिळल्यासारखा आवाज आला आणि झाडाची साल सुटून पुढे आली. सालीच्या आत हिरवा उजेड होता, भोवती पानांएवढे किडे घोंगावत होते आणि त्या सगळ्याला बाईचा आकार होता. मी दोन्ही हातांनी ज्वाळा सोडल्या. मॅजिका, म्हणजे मंत्रांना लागणारी शक्ती, संपली तसा तलवारीने तुटून पडलो. तिची हेल्थ पावभर उरली तेव्हा वाटलं, जिंकलो. तेवढ्यात ती जागच्या जागी थबकली, अंगातून हिरवा प्रकाश फुटला आणि पडद्यावर वर, कंपासखाली दिसणारी तिच्या हेल्थची लाल पट्टी पुन्हा काठोकाठ भरली. माझ्याकडे ना मॅजिका उरली होती, ना स्टॅमिना, म्हणजे अंगातला दम. मागून अस्वल आलं.

स्कायरिम ११ नोव्हेंबर २०११ ला आला, पण आजही कोणी ना कोणी तो पहिल्यांदा सुरू करत असतं. मित्राकडून, भावाकडून, सेलमध्ये स्वस्तात मिळाला म्हणून. आणि त्यातले बरेच जण हेल्गेन या गेमच्या सुरुवातीच्या गावातून सुटले की ड्रॅगनच्या काळजीत असतात. माझा अनुभव सांगतो, पहिल्या दहा लेव्हलमध्ये जंगलात मारणारी गोष्ट ड्रॅगन नसते, ती स्प्रिगन असते. म्हणून हा लेख. यातली एकच गोष्ट लक्षात राहिली तरी चालेल: स्प्रिगन दोनदा लढते, आणि तुमची आग दुसऱ्या वेळेसाठी असते.

हे काही स्कायरिमने नवीन काढलेलं नाही. याच मालिकेतल्या मॉरोविंड या आधीच्या गेमच्या ब्लडमून या २००३ च्या विस्तारात स्प्रिगन मेल्यावर पुन्हा उठायची, तीही दोनदा. २००६ च्या ऑब्लिव्हियन या पुढच्या गेममध्ये ती स्वतःला बरं करायची आणि मदतीला अस्वल बोलवायची. स्कायरिममध्ये हाच स्वभाव थोडा बदलून आला आहे.

सोबत काय हवं

- ज्वाळांचा मंत्र, म्हणजे फ्लेम्स. हा कुठे शोधायला नको, कुठल्याही वंशाचं पात्र घेतलं तरी सुरुवातीपासून असतो. हीलिंग, म्हणजे हेल्थ भरणारा मंत्र, तोही असतो.
- हेल्थच्या किमान चार-पाच बाटल्या, मॅजिकाच्या दोन.
- एक मशाल.
- जमलं तर भाजीचं सूप. कोबी, लीक, बटाटा आणि टोमॅटो, प्रत्येकी एक, कुठल्याही चुलीवरच्या पातेल्यात शिजवायचं. ७२० सेकंद दर सेकंदाला एक हेल्थ आणि एक स्टॅमिना परत मिळते. हे क्षुल्लक वाटतं, पण जोरदार वार करायला स्टॅमिना थोडीशी असली तरी पुरते. त्यामुळे सूप पोटात असेल तर तुमचा जोरदार वार जवळजवळ कधीच अडत नाही.
- लढाईच्या आधीचा वेगळा सेव्ह. संगणकावर एफ ५ दाबलं की झटपट सेव्ह होतो, पण त्यावर विसंबू नका, मेनूत जाऊन स्वतंत्र सेव्ह करा.

पैसे असतील तर व्हाइटरन शहरातल्या ड्रॅगन्सरीच या राजवाड्यातल्या फारेंगर या जादूगाराकडून फायरबोल्ट या आगीच्या मंत्राचं पुस्तक घ्या. नसतील तर थांबू नका, फ्लेम्सवर काम होतं.

१. आधी ती ओळखायला शिका

स्प्रिगन चालत येत नाही. ती झाडाला किंवा खडकाला चिकटून झोपलेली असते आणि जवळ गेल्यावर सुटते. म्हणून तिला लांबून बाणाने टिपायचा बेत बहुतेक वेळा फसतो. फॉकरीथ आणि रिफ्ट या दोन दाट जंगलांच्या प्रांतांत फिरताना कान उघडे ठेवा. लाकडाची करकर आणि किड्यांची गुणगुण एकदम सुरू झाली आणि संगीत बदललं की समजायचं.

कोकणात, गोव्यात राखणदार म्हणतात ना, ही तशी आहे. गेमच्या कथेत स्प्रिगन या किनारेथ नावाच्या देवतेच्या रानाच्या राखणकर्त्या मानल्या जातात. हे मी कथेच्या हौसेने सांगत नाही. राखणदार एकटा नसतो, रान त्याच्या बाजूने असतं. स्प्रिगन जागी झाली की आसपासचे लांडगे, अस्वलं तिच्या बाजूने तुमच्यावर येतात. नवख्या माणसाला मारतं ते बहुतेक वेळा अस्वलच.

२. बटणं लावून ठेवा

फ्लेम्स, तलवार, हीलिंग आणि हेल्थची बाटली या चार गोष्टी फेवरिट्समध्ये टाका. संगणकावर फेवरिट्सची यादी उघडी असताना वस्तूवर जाऊन आकडा दाबला की तो आकडा त्या वस्तूला चिकटतो. मी एकावर तलवार, दोनवर फ्लेम्स, तीनवर हीलिंग ठेवतो.

बाटल्यांसाठी आकडा नसला तरी चालतो. सामानाची यादी उघडली की गेम थांबतो. म्हणजे अस्वलाचा पंजा हवेत असताना तुम्ही शांतपणे तीन बाटल्या पिऊन, वर चीज खाऊन बाहेर येऊ शकता. मला हे कोणी सांगितलं नव्हतं, मी पहिला आठवडा पळता पळता बाटली शोधत होतो.

३. जागा तुम्ही निवडा

उघड्या रानात, चारी बाजूंना झाडं असताना तिच्याशी लढू नका. सुटल्या सुटल्या मागे हटा आणि यातलं एक गाठा: गुहेचं तोंड, दोन खडकांमधली फट, किंवा ज्यावर तुम्हाला चढता येतं पण अस्वलाला येत नाही असा मोठा धोंडा. पाठ भिंतीला लागली की एका वेळी एकच जण समोर येतो.

अस्वलापासून पळून सुटका होत नाही. उलट्या पावलांनी तर अजिबात नाही. पळायचंच असेल तर स्प्रिगन नुकतीच सुटली असतानाच, सरळ पाठ करून, ज्या वाटेने आलात त्याच वाटेने. नवी वाट धरलीत तर पुढच्या झाडात दुसरी बसलेली असू शकते.

स्प्रिगन लांब असेल तर ती हातातून किड्यांचा थवा सोडते. तो विषारी असतो आणि जोवर अंगावर पडतोय तोवर हेल्थ गळत राहते. ढालीने तो अडत नाही. मध्ये झाडाचं खोड घ्या, किंवा सरळ तिच्या अंगाशी जा. तलवारीच्या टप्प्यात ती नखांनी मारते, ते परवडतं.

पात्र अजून बनवायचं असेल तर एक सांगून ठेवतो: रेडगार्ड आणि वुड एल्फ या दोन वंशांना विषाचा त्रास निम्माच होतो. वुड एल्फला आणखी एक देणगी आहे, दिवसातून एकदा एखादा प्राणी मिनिटभर आपल्या बाजूने वळवायची. स्प्रिगनसोबत आलेल्या अस्वलावर ती वापरली की लढाईचा रंगच पालटतो.

४. लढाई: पहिला डाव तलवारीचा

आता मुख्य भाग. इथे घाई करू नका, दोनदा वाचा.

फ्लेम्सला सेकंदाला १४ मॅजिका लागते. सुरुवातीला बहुतेक वंशांकडे १०० मॅजिका असते. म्हणजे एका हाताने ज्वाळा सोडल्या तर साधारण सात सेकंद. दोन्ही हातांनी सोडल्या तर त्याच्या निम्मे. फ्लेम्सचा मार सेकंदाला ८, शिवाय आग लागलेलं अंग थोडा वेळ जळत राहतं, आणि स्प्रिगनला आगीचा त्रास इतरांपेक्षा जास्त होतो. सात सेकंदांची ही शिदोरी. ती कधी सोडायची हा सगळा खेळ आहे.

नवखा माणूस ती सुरुवातीलाच संपवतो, कारण सगळीकडे वाचलेलं असतं की स्प्रिगनला आग लागते. वाचलेलं बरोबरच आहे. पण तिची पट्टी भरलेली असताना वापरलेली आग वाया जाते, कारण ती पट्टी पुन्हा भरणारच आहे.

तर पहिला डाव असा:

आधी अस्वल. ते अंगावर धावत येतं, तेव्हा ते तोंडाशी येताच जोरदार वार, मग ढाल, मग पुन्हा वार. सूप घेतलं असेल तर इथे त्याचं चीज होतं. अस्वल पडेपर्यंत स्प्रिगनकडे फक्त खोडाआडून लक्ष ठेवा.

मग स्प्रिगन, पण तलवारीने किंवा धनुष्याने. मशाल डाव्या हातात असेल तर तिचा दांडका मारता येतो, त्यातूनही थोडी आग लागते आणि मॅजिका खर्च होत नाही. ही युक्ती फार कमी लोक वापरतात. मला ती आवडते, कारण मशाल जवळजवळ फुकट मिळते.

मध्येमध्ये वर, कंपासखाली तिची पट्टी बघत राहा.

५. लढाई: दुसरा डाव आगीचा

पट्टी तिसऱ्या हिश्श्यावर आली की तलवार मारायचा मोह आवरा. एक पाऊल मागे. मॅजिकाची तुमची निळी पट्टी, खाली डावीकडे असते ती, पूर्ण भरलेली आहे का बघा. नसेल तर मॅजिकाची बाटली आत्ता प्या. हीलिंग वापरून ती रिकामी केली असेल तरी आत्ताच भरून घ्या. हेल्थ कमी असेल तर तीही.

आता दोन्ही हातांनी फ्लेम्स, तोंडासमोर, तिला हलू न देता. उद्देश एवढाच की स्वतःला बरं करायच्या आत ती संपावी. जमलं तर लढाई इथे संपते.

नाही जमलं तर घाबरू नका. ती थबकून हिरवी उजळते तेव्हा मागे हटायची इच्छा होते, मीही हटलो होतो. हटू नका. त्या क्षणी ती उभी असते, मारत नसते. वार चालू ठेवा. आणि पट्टी भरली तरी आता तिच्याकडे हा उपाय उरलेला नसतो. पुन्हा खोडाआड जा, सामानाची यादी उघडा, मॅजिका भरा, आणि तोच डाव पहिल्यापासून. दुसऱ्यांदा ती पडते.

लढाई जड जात असेल तर सेटिंगमध्ये जाऊन डिफिकल्टी ॲडेप्ट या नेहमीच्या पातळीवरून एक पायरी खाली आणा. त्यात कमीपणा नाही. तुम्ही शिकत आहात.

पुढे डिस्ट्रक्शन या मारक मंत्रांच्या कलेतले गुण वाढले की ऑगमेंटेड फ्लेम्स ही खुबी घ्या, पहिल्या टप्प्यावर आगीचा मार २५ टक्के वाढतो, दुसऱ्यावर ५० टक्के. तलवारीच्या माणसाने कंपॅनियन्स या योद्ध्यांच्या गटाच्या कामात डस्टमन्स केर्न या थडग्यात जावं, तिथल्या भिंतीवर फायर ब्रेथचा शब्द मिळतो. मॅजिका न लागता तोंडातून आग, स्प्रिगनच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यासाठी यासारखं दुसरं काही नाही.

६. सरावाला जागा: मॉस मदर कॅव्हर्न

फॉकरीथच्या परिसरात ही गुहा आहे. तोंडाशी व्हॅल्डर नावाचा शिकारी जखमी बसलेला दिसेल. त्याचे दोन सोबती आत स्प्रिगनच्या हातून मेलेत. त्याला हेल्थची बाटली द्या. मग तुम्ही एकटे जाऊ शकता किंवा त्याला सोबत घेऊ शकता.

ही जागा मी मुद्दाम सुचवतो. इथे स्प्रिगन आहेत हे तुम्हाला आधीच ठाऊक असतं, गुहेचं तोंड पाठीशी असतं, आणि काम झाल्यावर व्हॅल्डर त्याचा नशिबाचा खंजीर देतो, जो सुरुवातीच्या काळात बरा उपयोगी पडतो.

पण इथेच सगळ्यात मोठा सापळा आहे. ज्वाळा मित्र-शत्रू बघत नाहीत. अरुंद बोळात व्हॅल्डर तुमच्या पुढे असेल आणि तुम्ही फ्लेम्स सोडल्या तर जळणार तोच. माझ्या पहिल्या खेपेला मी त्याला असाच गमावला. गेममध्ये पुढे मिळणाऱ्या लिडिया या साथीदाराचंही तेच, साथीदाराला फार मार लागला तर तो तुमच्यावरच उलटतो. सोबत कोणी असेल तर त्याला बाहेर थांबायला सांगा, किंवा तुम्ही त्याच्या पुढे राहा. तिसरा मार्ग नाही.

७. टॅपरूट काढून घ्या

पडलेल्या स्प्रिगनच्या अंगावर टॅपरूट मिळतं. हे विकू नका, भाव किरकोळ येतो. औषध बनवायच्या टेबलावर त्याची किंमत कळते. त्याचे चार गुण असे: जादूपुढे दुबळेपणा, इल्युजन या जादूच्या शाखेला बळ, मॅजिका परत भरणं आणि मॅजिका भरण्याचा वेग वाढणं. तोंडात टाकून चाखलं तर पहिला गुण कळतो तो दुबळेपणाचाच, त्यामुळे नवखे लोक ते निरुपयोगी समजून टाकून देतात.

फायर सॉल्ट्स किंवा मून शुगरसोबत टॅपरूट घाला. मॅजिका भरणारी आणि तिचा वेग वाढवणारी बाटली तयार होते. म्हणजे एका स्प्रिगनच्या मुळातून पुढच्या स्प्रिगनसाठीच्या दुसऱ्या डावाची तयारी होते.

स्प्रिगन सॅप म्हणून वेगळी वस्तू आहे, ती मात्र हिला मारून मिळत नाही. तिच्या शोधात रान उपसू नका.

ड्रॅगनबॉर्न या विस्तारात सोल्स्थाइम बेटावर गेलात तर तिथे जळक्या स्प्रिगन आहेत. त्यांच्या अंगातच आग आहे, त्यामुळे वर लिहिलेलं आगीचं काही तिथे चालवू नका. तिथे थंडीचे मंत्र घेऊन जा.

८. एल्डरग्लीम: जिथे लढायचंच नाही

शेवटची पायरी सगळ्यात महत्त्वाची, कारण इथे तुम्ही न लढताही काम करू शकता आणि हे बहुतेकांना कळतच नाही.

व्हाइटरनच्या मधोमध गिल्डरग्रीन नावाचं मोठं झाड आहे, वीज पडून वाळलेलं. शेजारच्या किनारेथच्या देवळातली पुजारीण डॅनिका तुम्हाला त्यासाठी पाठवते: आधी हेल्गेनच्या पूर्वेला ऑर्फन रॉकवर हॅगरेव्हनकडून, म्हणजे अर्धी बाई अर्धा पक्षी अशा चेटकिणीकडून, नेटलबेन हा सुरा आणायचा, मग त्या सुऱ्याने एल्डरग्लीम या आदिवृक्षाचा चीक काढायचा. एल्डरग्लीम ईस्टमार्च प्रांतात, गरम पाण्याच्या झऱ्यांच्या पट्ट्यात, एका गुहेत आहे.

नेटलबेन घेऊन देवळात परत आलात की मोरिस नावाचा एक यात्रेकरू सोबत येऊ का म्हणून विचारतो. बरेच जण त्याला नको म्हणतात, ओझं वाटतो म्हणून. त्याला हो म्हणा.

गुहेत शिरल्यावर आधी थांबून बघा. छतातून ऊन उतरतं, पाणी वाहतं, आस्टा आणि सोंड हे दोघं तिथे भक्तीने आलेले असतात. ज्यांनी देवराई पाहिली आहे त्यांना ती शांतता लगेच ओळखू येईल, आणि तिथला नियमही: पडलेली काटकी उचलत नाहीत, मग सुरा चालवणं तर दूरच. झाडाभोवती जाड मुळं वाट अडवून असतात. तुम्ही नेटलबेन चालवलंत की ती मागे सरतात आणि वर जायची वाट उघडते. तुम्ही चीक काढला की रान जागं होतं. स्प्रिगन बाहेर येतात, एक नाही, अनेक, आणि त्या गोंधळात आस्टा आणि सोंडचाही जीव जाऊ शकतो.

म्हणून हे असं करा. गुहेच्या दारात वेगळा सेव्ह. मोरिसला मागे ठेवून धावू नका, तो पोचेपर्यंत थांबा. मुळांपाशी आलात की सुरा म्यान करून आधी मोरिसशी बोला आणि दुसरा काही मार्ग आहे का विचारा. तो झाडापुढे प्रार्थना करतो आणि एल्डरग्लीमचं रोपटं मिळतं. त्यासाठी एकही स्प्रिगन जागी होत नाही.

रोपटं घेऊन आलात त्याच वाटेने बाहेर या आणि व्हाइटरनला जा. डॅनिकाला सुरुवातीला ते फारसं पटत नाही, तिला जुनं झाडच परत हवं असतं. पण ती रोपटं घेते आणि काम पूर्ण झाल्याची नोंद पडते. काही दिवसांनी चौकात जाऊन बघा, वाळल्या खोडाच्या जागी ते लावलेलं असेल.